सांध्याची पकड

सांधे हा शब्द या पाक्षिकात दिसला की वाचकांचा हात आपोआप गुडघ्याकडे जातो. तो स्वाभाविकच आहे. परंतु आज ज्या सांध्यांविषयी लिहितो आहे ते आपल्या शरीरातले नाहीत. स्वयंपाकघराच्या भिंतीवरून जी पिवळी गॅसवाहिनी शेगडीपर्यंत येते, तिच्या वळणावळणावर जे जोड असतात, त्यांविषयी हे लेखन आहे. विषय प्रथमदर्शनी अभियंत्यांचा वाटेल. तरीही तो या सदरात का आणावा लागला, हे पुढे स्पष्ट होईल.

माझी आत्या पुण्यात राहते. वय एक्याऐंशी, प्रकृती ठणठणीत, स्वयंपाकघरावर अद्याप तिचीच सत्ता. गेल्या वर्षी तिच्या घरी ओट्याखाली नव्या ट्रॉल्या बसवण्याचे काम निघाले. कारागिराने शेगडी उचलून बाजूला ठेवली, काम आटोपले, शेगडी पुन्हा जागेवर सरकवली आणि तो गेला. सायंकाळी आत्या ओट्याजवळच खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. तिची सून, म्हणजे माझी वहिनी, कामावरून परतली आणि दार उघडताच थबकली.

“आई, गॅसचा केवढा वास येतोय! तुम्हाला जाणवला नाही?”

“मला कसला वास, गं? हल्ली नाकाला काही कळतच नाही. सकाळी दूध करपलं, तेही पातेलं पाहिल्यावर समजलं.”

वहिनीने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. आधी शेगडीमागचा व्हॉल्व्ह बंद केला, खिडक्या उघडल्या, आत्याला हाताला धरून जिन्यात आणले आणि तेथून गॅस कंपनीला दूरध्वनी केला. तपासणीस आलेल्या तंत्रज्ञाने दाखवले ते असे : शेगडी ओढताना रबरी नळी तोटीवरून थोडी सरकली होती आणि तिच्यावरची क्लिप सैल झाली होती. नळी नवी होती, तोटीही उत्तम होती. बिघडली होती ती फक्त त्या दोहोंमधली पकड.

आत्या मेथी निवडत किती वेळ तेथे बसली होती, हे आम्ही पुढे मोजले. दीड तास.

वाचकहो, कोणत्याही जोडाला दोन कामे करावी लागतात. एक, गॅस बाहेर पडू न देणे. दुसरे, ओढ बसली तरी न सुटणे. पहिल्या कामाकडे सर्वांचे लक्ष असते. दुसऱ्याचा विसर पडतो. आज उत्तम बंद असलेला जोड उद्या कोणी ओढला, वाकवला, त्याच्यावर भार टाकला, तर तसाच राहील का, हा खरा प्रश्न असतो. जगभरच्या सुरक्षा मानकांनी या दुसऱ्या कामाला फार महत्त्व दिले आहे. अमेरिकेच्या संघीय नियमावलीत गॅसवाहिनीच्या जोडांविषयी जे मूलभूत कलम आहे, त्याचा आशय असा की, वाहिनी आकुंचन-प्रसरण पावताना किंवा तिच्यावर आतून-बाहेरून भार येताना जी लांबीच्या दिशेने ओढ वा रेटा निर्माण होतो, तो प्रत्येक जोडाला सोसता आला पाहिजे. तेथे जमिनीखाली प्लास्टिकच्या वाहिन्या मोठ्या प्रमाणावर आहेत. प्लास्टिक हे पोलादाच्या दहापटींहून अधिक प्रसरण-आकुंचन पावते. कडाक्याच्या थंडीत अशी वाहिनी आखडते आणि नट आवळून केलेल्या यांत्रिक जोडातून स्वतःला बाहेर ओढू पाहते. असे यांत्रिक जोड निकामी होऊन धोकादायक गळती झाली, तर त्याची माहिती गॅस पुरवणाऱ्यांनी सरकारला कळवावी, असे बंधन तेथे २०११ सालापासून आले.

आपल्याकडे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आले आणि शहरी गॅसवितरणासाठी त्याने २००८ साली तांत्रिक व सुरक्षा मानकांचे विनियम काढले. त्यांचा बराचसा आधार अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘बी ३१.८’ या मानकाचा आहे. या नियमांमागचे तत्त्व सोपे आहे : जेथे माणसाची नजर पोहोचत नाही तेथे वितळवून एकजीव केलेला जोड, जेथे नजर आणि हात पोहोचतो तेथे आट्यांचा किंवा नटाचा जोड. म्हणून रस्त्याखालची पॉलिएथिलिनची नळी विजेच्या उष्णतेने सांधली जाते. तिच्यावर आटे पाडत नाहीत. इमारतीच्या बाहेरून वर चढणारी लोखंडी, जस्तलेपित वाहिनी मात्र आट्यांनी जोडलेली असते. हिलाही ऋतू जाणवतात. सहा-सात मजली इमारतीच्या भिंतीवरची वीस मीटर वाहिनी पहाटेपेक्षा वैशाखातल्या दुपारी तीस अंशांनी अधिक तापली, तर ती सुमारे सात मिलिमीटरने लांब होते. तिला जागोजागी पट्ट्यांनी भिंतीशी धरून ठेवतात ते ही हालचाल आणि वाहिनीचे वजन जोडांवर येऊ नये म्हणून. रंगकाम करणारे लोक कधीकधी या पट्ट्या काढतात आणि परत लावायला विसरतात. आपल्या इमारतीला नुकताच रंग दिला असेल तर एकदा वर पाहावे.

आता एका नटाची गोष्ट सांगतो. ती लंडनची आहे, आपल्याकडची नाही. परंतु जोड म्हणजे काय हे समजावणारी याहून बोलकी घटना मला ठाऊक नाही. लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत होती. १९६८ सालच्या मार्चमध्ये तेथे लोक राहायला आले. १६ मे १९६८ च्या पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, अठराव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या छप्पन्न वर्षांच्या एक बाई चहासाठी उठल्या. त्यांनी काडी ओढली. रात्रभर साचलेल्या गॅसचा स्फोट झाला, भार पेलणारी भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा, वरपासून खालपर्यंत, पत्त्यांसारखा कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली, सतरा जखमी झाली. त्या बाई मात्र वाचल्या.

चौकशीत आढळले ते असे. शेगडीला जोडणाऱ्या लवचिक नळीच्या टोकाशी पितळेचा एक नट होता. तो मानकात बसणारा नव्हता आणि बसवताना अतिरिक्त आवळला गेला होता. तो चिरला. शेगडीत कोणताही दोष नव्हता. इतका नव्हता की ती त्या बाईंनी पुढच्या घरीही वापरली असे सांगतात. या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये इमारत बांधणीचे नियम बदलले, कारण एका खोलीतल्या स्फोटाने अख्खा कोपरा पडणे हा इमारतीचाही दोष होता. १९८६ साली इमारत उतरवली गेली तेव्हा भिंतींच्या तयार फळ्यांच्या सांध्यांत काही ठिकाणी वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले सापडले. म्हणजे गॅसचा सांधाही कच्चा आणि भिंतींचाही.

या गोष्टीतला ‘अतिरिक्त आवळला’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरांत एक समजूत पक्की असते की नट जितका घट्ट तितका सुरक्षित. घरातला एखादा हौशी सद्‍गृहस्थ पान्हा घेऊन मीटरजवळचा नट ‘अजून एक फेरा’ आवळतो. पितळ हे तसे मऊ, आणि आटे पडलेल्या ठिकाणी पातळ. त्याला बेताचाच जोर सोसतो. आतली रबरी चकती, जिला आपण वायसर म्हणतो, तीही जास्त दाबली तर चपटून फाटते. गळती थांबवण्यासाठी आवळलेला नट काही महिन्यांनी गळतीचे कारण होऊ शकतो. गॅसच्या नळाला घरच्या माणसाने पान्हा लावू नये हे माझे स्पष्ट मत आहे. अगदी निवृत्त अभियंत्यानेसुद्धा.

मग दाब तरी किती असतो या गॅसला? घरगुती नैसर्गिक वायू शेगडीपाशी अवघ्या २१ मिलिबार दाबाने येतो. वातावरणाच्या दाबाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका हा दाब. पाण्याच्या उंच भांड्यात नळीचे टोक वीतभर बुडवून फुंकर मारली आणि बुडबुडे आले, की तितका दाब आपण तोंडाने निर्माण केला. फुप्फुसांच्या व्यायामासाठी अशी बाटली ज्यांनी वापरली असेल त्यांना हे लगेच कळेल. एवढ्याशा दाबाचा जोड फुटून निघत नाही. भीती दाबाची नसून वेळेची असते. सुईच्या टोकाएवढ्या फटीतूनही गॅस रात्रभर, न थांबता, येत राहतो. बंद स्वयंपाकघरात हवेच्या शंभर भागांत पाच भाग नैसर्गिक वायू झाला की ते मिश्रण ठिणगीची वाट पाहू लागते. पंधरा भागांपर्यंत ते पेटू शकते.

या ठिकाणी मानकांनी दुसरी भिंत उभी केली आहे, आणि ती भिंत म्हणजे आपले नाक.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. याची किंमत जगाला १८ मार्च १९३७ रोजी कळली. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत गॅसवाहिनीच्या सदोष जोडातून गॅस तळाच्या पोकळीत साचत राहिला. कोणाला कळण्याचा मार्गच नव्हता. कार्यशाळेतल्या एका यंत्राच्या ठिणगीने तो पेटला आणि सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक सारी मुले. त्यानंतर टेक्सासच्या विधिमंडळाने गॅसला दुर्गंध देणे सक्तीचे केले आणि ती प्रथा जगभर पसरली. आज आपल्या गॅसमध्ये जो कुजक्या कोबीसारखा वास येतो तो गंधकयुक्त रसायनाचा, मुद्दाम मिसळलेला. तो किती मिसळावा याचेही मानक आहे. हवेत गॅस पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या एक-पंचमांश झाला, म्हणजे शंभरात सुमारे एक भाग झाला, की तो सहज जाणवला पाहिजे. कोणाला? अमेरिकी नियमात उत्तर दिलेले आहे : ज्याची घ्राणशक्ती सर्वसाधारण आहे अशा माणसाला.

वाचकहो, या एका अटीसाठी आजचा लेख लिहिला. ही सारी व्यवस्था सर्वसाधारण नाक गृहीत धरून उभी आहे. आणि वार्धक्यात ते नाक तसे राहत नाही. १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पासष्ट ते ऐंशी वयाच्या व्यक्तींपैकी निम्म्याहून अधिकांची आणि ऐंशीच्या पुढच्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिकांची वास ओळखण्याची क्षमता त्यात बरीच उणावलेली आढळली. दृष्टी गेली की माणसाला कळते. ऐकू कमी आले की घरच्यांना कळते. घ्राणशक्ती मात्र कोणाला न सांगता निघून जाते. जेवण बेचव लागू लागले की आपण सुनेच्या हाताला दोष देतो, मीठ वाढवतो. पार्किन्सन आणि अल्झायमर या व्याधींत तर ती पुष्कळदा फार लवकर मंदावते. जुनाट सर्दी, नाकातले कोंब, दीर्घकाळचे धूम्रपान, कोविडचा आजार, ही आणखी कारणे. शिवाय निरोगी नाकही एकाच वासात बराच वेळ राहिले की त्याला सरावते आणि तो जाणवेनासा होतो. जो बाहेरून येतो त्याला वास येतो, जो आत बसला आहे त्याला नाही. माझ्या आत्याच्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकत्र आली होती.

तेव्हा ज्या घरात वयोवृद्ध माणूस दिवसाचा बराच काळ एकटा असतो, त्या घरापुरती दुसरी भिंत पडलेली आहे असेच धरून चालावे. उरतो तो पहिला, जोडाचा भरवसा. त्याची काळजी घेण्याचे काम मुलासुनेचे, मुलीजावयाचे, किंवा जो कोणी सांभाळ करतो त्याचे.

प्रथम घरच्या नाकाची परीक्षा घ्या. डोळे मिटायला सांगून हिंगाची डबी, कॉफीची पूड, लसणाची ठेचलेली पाकळी नाकाशी धरा आणि ओळखायला सांगा. हा डॉक्टरी तपास नव्हे. पण तिन्ही ओळखता आले नाहीत तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे. या यंत्राची जागा चुकली तर ते निरुपयोगी ठरते. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका असतो, तो छताकडे जातो. म्हणून यंत्र छताच्या खाली, वीतभर अंतरावर हवे. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, तो जमिनीवर पसरतो. त्यासाठी ते जमिनीपासून वीतभर उंचीवर हवे. खरेदी करताना आपला गॅस कोणता हे दुकानदाराला आवर्जून सांगा. आतल्या संवेदकाचे आयुष्य मर्यादित असते, ते वेष्टनावर छापलेले असते. त्या तारखेची नोंद दिनदर्शिकेत करावी. आणखी एक गोष्ट बहुधा सुटते. रात्री श्रवणयंत्र काढून ठेवल्यावर आजोबांना तो भोंगा ऐकू येतो का, हे एकदा दिवसा श्रवणयंत्र काढूनच पाहावे लागते.

आता जोडांकडे वळू. मीटरपासून निघा आणि शेगडीपर्यंत बोट फिरवत या. मीटरच्या दोन्ही बाजूंचे नट, भिंतीतली वळणे, शेगडीजवळचा व्हॉल्व्ह, रबरी नळीची दोन टोके : साध्या घरातही आठ-दहा जोड सहज निघतात. भांडी घासण्याचा द्रवसाबण पाण्यात कालवून जुन्या मऊ ब्रशने प्रत्येक जोडाला लावा. शेगडीची बटणे बंद, व्हॉल्व्ह चालू. जोडाभोवती फुगा धरून तो वाढू लागला तर गळती आहे. हे फुगे बारीक असतात, म्हणून चष्मा लावून, चांगल्या उजेडात, शक्यतो तरुण डोळ्यांनी पाहावे. काडी पेटवून गळती शोधणारी माणसे आजही भेटतात, हे लिहिताना हात थरथरतो.

ज्यांना खाली वाकणे, फुगे पाहणे जमत नाही त्यांच्यासाठी एक सोपा उपाय आहे, आणि नाक अधू असलेल्यांसाठी तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. रात्री सारी बटणे बंद करून, व्हॉल्व्ह मात्र उघडा ठेवून, मीटरवरचे आकडे, शेवटच्या लाल आकड्यांसह, कागदावर उतरवून घ्या. सकाळी चहा ठेवण्यापूर्वी पुन्हा पाहा. आकडा हलला असेल तर रात्री कोणीतरी गॅस वापरला, आणि तो आपण नव्हे. लगेच व्हॉल्व्ह बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि कंपनीला कळवावे. मीटरच्या अलीकडची, म्हणजे इमारतीकडची गळती यात दिसत नाही आणि अगदी सूक्ष्म गळतीने आकडा हलेलच असे नाही, एवढी मर्यादा लक्षात असू द्यावी. एरवी मात्र रात्री व्हॉल्व्ह बंदच असावा. ही चाचणी महिन्यातून एखाद्या रात्रीपुरती.

रबरी नळीविषयी थोडे सविस्तर. तिच्यासाठी ‘आयएस ९५७३’ हे भारतीय मानक आहे; आयएसआय चिन्ह, हा क्रमांक आणि निर्मितीचे वर्ष नळीच्या अंगावर छापलेले असते. सिलिंडरसाठी मिळणारी, आत पोलादी तारांचे जाळे असलेली केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. ती दीड मीटरहून लांब नसावी, शेगडीच्या मागून गरम भागाला टेकून नसावी, ट्रॉलीच्या बंद कप्प्यातून, भिंतीच्या भोकातून नेलेली तर मुळीच नसावी. नळीवर कापडी अभ्रा चढवून ती ‘नीटनेटकी’ करण्याची आपल्याकडे आवड आहे. त्या अभ्र्याखाली पडलेली भेग कोणालाच दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, नळीला ओढ बसू नये. दिवाळीच्या साफसफाईत, पाहुण्यांसाठी ओटा आवरताना, कामाच्या बाई खालून पुसताना शेगडी पुढे ओढली जाते. प्रत्येक वेळी ती ओढ तोटीवरच्या त्या इंचभर पकडीवर येते. शेगडी सरकवण्यापूर्वी व्हॉल्व्ह बंद, सरकवून झाल्यावर दोन्ही टोकांना साबणाचे पाणी, मगच व्हॉल्व्ह चालू. माझ्या वहिनीने हे वाक्य लिहून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे.

वृद्धांच्या घरात आणखी एक ओढ असते, जी मानके लिहिणाऱ्यांच्या कल्पनेत आली असेल असे वाटत नाही. सज्जातून किंवा मोरीच्या बाजूने जाणाऱ्या गॅसवाहिनीचा आधार घेऊन माणसे उठतात. कमरेइतक्या उंचीवरचा तो मजबूत दिसणारा नळ हाताला सोयीचा असतो. रोज सात-आठ वेळा साठ किलो वजनाची ओढ त्याच्या आट्यांवर पडते. काही घरांत त्यावर ओले टॉवेल, पिशव्या, छत्री लटकलेली मी पाहिली आहे. त्या जागी आधाराची दांडी भिंतीला स्वतंत्रपणे बसवून द्या. पडण्याचा धोकाही टळेल, जोडही सुखरूप राहील.

ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांचा एक जोड तर दर महिना-दीड महिन्याने नव्याने केला जातो : रेग्युलेटर आणि सिलिंडरच्या तोंडाचा. सिलिंडरच्या तोंडात एक रबरी कडी असते. ती झिजली, फाटली किंवा नाहीशी झाली असेल तर रेग्युलेटर कितीही नीट बसवला तरी गॅस सुटतो. सिलिंडर आणून देणाऱ्या माणसाकडून ही कडी आणि गळती तपासून घेणे हा आपला हक्क आहे. तो घाईत असतो, आपल्याला संकोच वाटतो; तरी “बाबा रे, एवढं पाहून दे” म्हणावे. चौदा किलो गॅसची ती टाकी हलवणे आणि रेग्युलेटर चढवणे, हे संधिवात असलेल्या बोटांचे काम नव्हे. शेजारच्या मुलाला हाक मारण्यात कमीपणा नाही.

तपासणीस म्हणून दारी येणाऱ्यांविषयी मात्र सावध असावे. ओळखपत्र मागावे, शंका आली तर देयकावर छापलेल्या क्रमांकावर विचारावे. भीती घालून नळी किंवा ‘सेफ्टी’च्या वस्तू रोख पैशांत गळ्यात मारणारे लोक एकट्या वृद्धांना नेमके हेरतात. खऱ्या तंत्रज्ञाला आपण विचारपूस केल्याचा राग येत नाही.

आता व्हॉल्व्हचा प्रश्न. पाव फेऱ्याचा हा व्हॉल्व्ह ओळखायला सोपा आहे : दांडी नळाच्या रेषेत असली की चालू, नळाला आडवी झाली की बंद. अंधारातही हाताला कळते. परंतु तो आपल्या घरच्या आजींना फिरवता येतो का? अनेक घरांत तो ओट्यामागे, डब्यांच्या रांगेआड असतो; काही ठिकाणी वर्षानुवर्षे न हलवल्याने घट्ट बसलेला. दुखऱ्या मनगटाने तो वळत नसेल, किंवा तिथवर हात पोहोचत नसेल, तर संकटसमयी तो असून नसल्यासारखाच. कंपनीला सांगून तो बदलून किंवा हाताशी येईल असा बसवून घ्यावा. आणि रोज रात्री तो बंद करण्याचे काम आजींकडेच सोपवावे, म्हणजे सवय राहते आणि दांडीही मोकळी राहते.

वास आला, किंवा यंत्र वाजले, तर क्रम असा. पेटती ज्योत विझवणे, बटणे आणि व्हॉल्व्ह बंद करणे, दारे-खिडक्या उघडणे, बाहेर पडणे. विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा नको, दारावरची घंटा नको, घरात उभे राहून दूरध्वनीही नको. नैसर्गिक वायूसाठी वरची झडप आणि उंचावरच्या खिडक्या उपयोगी. सिलिंडरच्या गॅससाठी जमिनीपर्यंतचे सज्जाचे दार. व्हॉल्व्ह पटकन सापडला नाही तर शोधत थांबू नये. हालचाल मंद असलेल्या माणसाला आधी बाहेर काढावे, बाकीचे नंतर. सिलिंडरच्या गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे. नळाच्या गॅससाठी आपल्या कंपनीचा आपत्कालीन क्रमांक देयकावर असतो. तो ठळक, बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहून दाराच्या बाहेरच्या बाजूस लावावा. आतल्या भिंतीवर लावलेला क्रमांक बाहेर पळालेल्या माणसाच्या काय उपयोगाचा?

आत्याकडे आता छताखाली एक छोटे पांढरे यंत्र आहे. त्याची चाचणी घेण्याचे बटण दाबायला तिला स्टुलावर चढू द्यायचे नाही, असा घरात ठराव झाला. त्यावरून ती दोन दिवस रुसली होती. व्हॉल्व्हची दांडी मात्र तिच्या ताब्यात आहे. रात्री साडेनऊला, देवापाशी निरांजन शांत झाले की ती ओट्याशी जाते, दांडी आडवी करते आणि बाहेर येऊन वहिनीला सांगते, “केला गं बंद.” वहिनी तरीही एकदा जाऊन पाहते. आत्याला ते ठाऊक आहे.